तळ्यांतील तणांची ओळख आणि बंदोबस्त

पावसाळा सरून आश्विन लागला म्हणजे गावोगावची तळी तुडुंब भरलेली असतात. अशा एखाद्या तळ्याच्या काठाशी फिकट जांभळ्या फुलांचे तुरे डोलू लागले, की वाटसरू क्षणभर थबकतो आणि गावाच्या शोभेत भर पडली, असे मनाशी म्हणतो. त्याच तळ्यात जाळे टाकून पोट भरणाऱ्या मच्छीमाराला मात्र तेच तुरे पाहून धडकी भरते. उन्हाळा येईतो पाणी दिसेनासे होणार, जाळे फेकावयास जागा उरणार नाही आणि नाव काठावर उपडी पडून राहणार, हे त्याला ठाऊक असते. फूल एकच, पाहणारे दोघे. दोघांत अंतर आहे ते ओळखीचे. तळ्यांतील तणांच्या प्रश्नात ही ओळखच सर्वांत महत्त्वाची आहे. ती पटली तर निम्मे काम झाले. ती चुकली तर केलेला खर्च आणि गाळलेला घाम वाया तर जातोच, पण पुष्कळदा उपायच अपाय होऊन बसतो.

तण कोणते आणि वनस्पती कोणती

तळ्यात उगवणारी प्रत्येक वनस्पती तण नव्हे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. पाण्यातील वनस्पतींच्या आश्रयाने मासे अंडी घालतात, पिलांना तेथेच आसरा मिळतो आणि पाणपक्षी तेथेच घरटी बांधतात. दिवसा या वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात, काठाची माती धरून ठेवतात आणि वाहून आलेला गाळ अडवतात. अगदी उघडेबोडके तळे हे निरोगी तळ्याचे लक्षण नाही. कमळ, कुमुद आणि शिंगाडा ही तर आपल्या तळ्यांची पिढीजात संपत्ती आहे. कमळाची फुले देवाला जातात, त्याचे कंद भाजीला येतात आणि शिंगाड्याचे पीठ उपासाला लागते. मध्य प्रदेशात आणि विदर्भात अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह शिंगाड्याच्या लागवडीवर चालतो.

मग तण कशाला म्हणावयाचे? जी वनस्पती आपली मर्यादा सोडून इतरांचा प्रकाश, हवा आणि जागा बळकावते, ती तण होय. असा पुंडपणा बहुधा परदेशाहून आलेल्या वनस्पती करतात. त्याचे कारण त्यांच्या अंगच्या दुष्टपणात नसून त्यांच्या एकटेपणात आहे. मायदेशी तिच्यावर पोसणारे किडे, बुरशी आणि रोग असतात. ते तिला पायरी सोडू देत नाहीत. समुद्र ओलांडून आलेली वनस्पती एकटी येते. तिचे शत्रू मागे राहतात. हायड्रिला ही आपल्या तळ्यांतली जुनी पाणवनस्पती. विसाव्या शतकाच्या मध्यास शोभेच्या माशांच्या व्यापारातून ती अमेरिकेत फ्लॉरिडाकडे गेली आणि तेथील सरोवरांना तिने सळो की पळो करून सोडले. आपल्या घरी सोसवणारे जे, तेच दुसऱ्याच्या घरी अरिष्ट ठरले. जलपर्णीच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले.

जलपर्णीचा प्रवास

जलपर्णी, म्हणजे कोल्हापूर भागात जिला केंदाळ म्हणतात ती, मूळची दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातली. हिंदी भाषक तिला जलकुंभी म्हणतात, तर हैदराबादकडचे तेलुगू लोक तिच्या पानाच्या आकारावरून तिला घोड्याच्या खुराचे नाव देतात. तिच्या फुलांच्या मोहाने माणसानेच तिला खंडाखंडांतून फिरवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत तिने तेथील खाड्या, नाले आणि भातखाचरे व्यापून टाकली. होड्यांचे मार्ग बंद पडले आणि भाताची पिके बुडाली. अखेर १९३६ साली बंगाल सरकारला जलपर्णीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत तर या तणाच्या निर्मूलनाचे आश्वासन पक्षांच्या जाहीरनाम्यांत झळकले. एका फुलझाडाने राज्यकर्त्यांना असे वेठीस धरल्याची उदाहरणे इतिहासात फार थोडी असतील.

आपल्या भागात तिचे दर्शन आता नित्याचे झाले आहे. पुण्याच्या मुळा-मुठा, इचलकरंजीजवळची पंचगंगा, उजनी जलाशयाचे फुगवट्याचे पाणी आणि हैदराबादची मुशी ही तिची ठळक ठाणी. परंतु नदीतील जलपर्णी पावसाळ्याच्या पुराबरोबर निदान काही काळ तरी वाहून जाते. तळ्यातली कोठे जाणार? म्हणून तळ्याचा प्रश्न नदीहून वेगळा आणि अधिक चिवट आहे.

पाहावे कसे, ओळखावे कसे

तळ्यातील वनस्पती ओळखण्यासाठी शास्त्रज्ञच असले पाहिजे असे नाही. पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. झाड धरून हलकेच ओढावे. ते सहज हाताशी आले आणि त्याची मुळे पाण्यातच लोंबत असली, तर ते तरंगते आहे. ओढताना तळाकडून ताण लागला, तर ते गाळात रुजलेले आहे. तरंगणारी, गाळात रुजून पाने पाण्यावर पसरणारी, पूर्णपणे पाण्याखाली राहणारी आणि काठाने वाढणारी असे वनस्पतींचे चार वर्ग यावरून पडतात. बंदोबस्ताची रीत पुष्कळशी या वर्गावरून ठरते.

तरंगणाऱ्यांत पहिली जलपर्णी. तिचा देठ मध्येच फुगीर आणि आतून स्पंजासारखा पोकळ असतो. दाटीत वाढलेल्या झाडाचा देठ मात्र लांब आणि सडपातळ होतो, हे विसरू नये. पान जाड, गोलसर व तकतकीत. मुळे काळसर जांभळी आणि पिसासारखी झुपकेदार. फुलांच्या तुऱ्यातील प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असतो. ही खूण दुसऱ्या कोणत्याही तणात सापडत नाही.

जलपर्णीची गफलत होते ती शिंगाड्याशी, कारण शिंगाड्याचे देठही फुगीर असतात. परंतु शिंगाड्याचे पान चौकटच्या आकाराचे आणि कडेला दातेरी असते. शिवाय पानांचा चक्राकार झुपका पाण्यावर पसरलेला असला, तरी त्याचा लांब दोरीसारखा दांडा खाली गाळापर्यंत गेलेला असतो. सफाईच्या भरात शिंगाड्याचे वेल उपटले गेले, तर एखाद्या गरिबाचे वर्षाचे पीक बुडते. म्हणून मजुरांना पाण्यात उतरवण्यापूर्वी दोन्ही झाडे त्यांच्या हातात देऊन फरक दाखवणे अगत्याचे आहे.

दुसरे तण गोंडाळ. कोबीचा कोवळा गड्डा उमलून पाण्यावर ठेवावा, तसे ते दिसते. पाने फिकट हिरवी, मखमली लवेची आणि लांबट शिरांची. देठ जवळजवळ नाहीच. त्याच्या मुळांना विशिष्ट जातीच्या डासांच्या अळ्या चिकटून राहतात. इतर डासांच्या अळ्यांना श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. या अळ्या मात्र मुळात नळी खुपसून झाडातील हवाच ओढून घेतात. त्यामुळे पाण्यावर तेल टाकण्याचा जुना उपाय यांच्यापुढे लंगडा पडतो. केरळात हत्तीरोगाच्या एका प्रकाराचा प्रसार याच जातीच्या डासांमुळे झालेला आहे. तेथे डासांचा बंदोबस्त म्हणजे प्रथम गोंडाळाचा बंदोबस्त.

तिसरे तण साल्व्हिनिया. हे नेचाच्या कुळातले. याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. पाने तिनाच्या संचात येतात. दोन पाने पाण्यावर तरंगतात आणि तिसरे पाण्याखाली मुळांसारखे चिरफाळलेले असते. वरच्या पानांवर बारीक केस उभे असतात आणि प्रत्येक केसाचे टोक चार धाग्यांत फुटून पुन्हा जुळलेले असते. अंडी घुसळण्याचे यंत्र असते, तशी ही रचना भिंगातून दिसते. या केसांमुळे पानावर पाणी ठरत नाही. गर्दी झाली म्हणजे पाने मधोमध दुमडून उभी राहतात आणि तळ्यावर हिरवी गोधडी अंथरल्यासारखी दिसते. मध्य प्रदेशात लोक याला चायनीज झालर म्हणतात. चीनशी मात्र याचा काही संबंध नाही.

पाण्याखालच्या वर्गात हायड्रिला प्रमुख. बारीक दांड्यावर चार ते आठ छोट्या पानांची वलये असतात. पान बोटांत धरून ओढले तर कडेचे दाते खरखरीत लागतात. काठाच्या वर्गात पाणकणीस आणि बेशरम ही दोन नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. पाणकणसाची तपकिरी, मेणबत्तीसारखी कणसे दुरूनही ओळखू येतात. बेशरमची फुले गुलाबी, कर्ण्यासारखी. तिचा पाला विषारी असल्याने गुरेही सहसा तोंड लावत नाहीत, आणि तोडून टाकलेली फांदी ओल मिळताच पुन्हा मूळ धरते. लोकांनी दिलेल्या नावाची सार्थकता यातच आहे.

चुकलेल्या ओळखीची किंमत

ओळख चुकली तर काय होते, याचा मोठा बोलका इतिहास साल्व्हिनियाच्या नावावर आहे. आफ्रिकेतील झांबेझी नदीवर करिबा धरण बांधले गेले आणि १९५८ च्या डिसेंबरात त्यात पाणी साठू लागले. दुसऱ्याच वर्षी साल्व्हिनिया तेथे दिसली आणि १९६२ पर्यंत तिने जलाशयाचा सुमारे एक हजार चौरस किलोमीटर पृष्ठभाग व्यापला. त्याच काळात आणि पुढे भारतातही केरळच्या कुट्टनाड भागात कालवे आणि भातशेती तिने गिळंकृत केली. केरळी लोकांनी तिला आफ्रिकन पायल हे नाव दिले, म्हणजे आफ्रिकेचे शेवाळ. ती आफ्रिकेची नव्हती आणि शेवाळही नव्हती.

नावाची ही चूक केवळ सामान्य जनांनी केली असे नाही. शास्त्रज्ञांनीही तिला दक्षिण अमेरिकेतील तिच्या एका चुलत बहिणीचे नाव दिले होते. त्या समजुतीने १९६० च्या दशकात त्रिनिदाद व गयाना या भागांतून तिचे शत्रुकीटक शोधून आणण्यात आले. केरळातही १९७० च्या दशकात त्रिनिदादहून आणलेला एक नाकतोडा सोडून पाहिला. परंतु हे किडे त्या चुलत बहिणीवर पोसणारे होते. या तणाचे त्यांनी फारसे वाकडे केले नाही. १९७२ मध्ये मिचेल या शास्त्रज्ञाने ही स्वतंत्र जात असल्याचे दाखवून दिले. १९७८ मध्ये तिचे खरे माहेर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. त्या माहेरी तिच्यावर उपजीविका करणारा, तिळाएवढाही न भरणारा एक काळा सोंडवाला भुंगेरा मिळाला. त्यालाही आरंभी जुन्याच एका जातीचा मानण्यात आले; १९८५ मध्ये तोही स्वतंत्र जातीचा असल्याचे सिद्ध झाले.

वनस्पती कोणती आणि किडा कोणता, हे दोन्ही उलगडल्यावर काय घडले? ऑस्ट्रेलियात मूनडारा नावाच्या जलाशयात १९८० मध्ये हा भुंगेरा सोडला गेला. तेथे सुमारे २०० हेक्टरांवर पसरलेले १८,००० टन तण सव्वा वर्षाच्या आत जवळजवळ नाहीसे झाले. भारतात हा भुंगेरा १९८२ च्या सुमारास आणला गेला. बंगळूर येथील कुमुदांच्या एका तळ्यात तो सोडल्यावर अकरा महिन्यांत साल्व्हिनिया कोसळली आणि तिच्याखाली दबलेली कुमुदे पुन्हा वर आली. पुढे केरळातही तण आटोक्यात आले. अलीकडे बैतूल जिल्ह्यातील सारणीच्या सातपुडा जलाशयावर हेच संकट आले होते. कटनी जिल्ह्यातील एका गावच्या तळ्यात, जबलपूरच्या तणसंशोधन संचालनालयाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ च्या अखेरीस हे भुंगेरे सोडले. सुमारे दीड वर्षात ते तळे मोकळे झाले. योग्य ओळखीने काय साधते, याचा याहून बोलका पुरावा नाही.

गुणाकाराचे गणित

आता प्रत्यक्ष बंदोबस्ताकडे वळू. लहान तळ्यासाठी हाताने तण काढणे हाच अद्यापि सर्वांत भरवशाचा उपाय आहे. मात्र तो केव्हा आणि कसा करावा, हे एका साध्या गणितावरून समजते. उन्हाळ्यात, सांडपाणी मिळणाऱ्या तळ्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते असे धरू. कोपऱ्यात १०० चौरस फुटांचा पुंजका दिसला, तर वीस आठवड्यांत तो दहा वेळा दुप्पट होऊन लाख चौरस फुटांवर, म्हणजे जवळजवळ एका हेक्टरावर पसरेल. आज अर्धे तळे झाकलेले दिसत असेल, तर सगळे झाकावयास वीस आठवडे लागत नाहीत, दोनच लागतात. अर्धे होईपर्यंत गाव स्वस्थ बसते आणि मग एकाएकी ओरड सुरू होते, याचे मर्म येथे आहे.

हेच गणित सफाईनंतरही चालू राहते. शंभरांतील नव्व्याण्णव भाग तण काढले आणि एक भाग कडेच्या लव्हाळ्यात राहिला, तर सात वेळा दुप्पट होऊन, म्हणजे साडेतीन महिन्यांत, तळे पूर्ववत होते. मोठा समारंभ करून एक दिवस श्रमदान केले, छायाचित्रे निघाली आणि मंडळी घरी गेली, अशा सफाईचे आयुष्य एवढेच. म्हणून मोठ्या सफाईनंतर दर पंधरवड्यास दोन माणसांनी तळ्याची फेरी करून उरलेसुरले वेचणे, हे त्या सफाईइतकेच महत्त्वाचे आहे. ती दोन माणसे नसतील तर मोठ्या सफाईचा खर्च न केलेलाच बरा.

तण काढण्यास हिवाळा उत्तम. थंडीत वाढ मंदावते. फुले येऊन बी गळण्यापूर्वी काम उरकले पाहिजे, कारण जलपर्णीचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. वाऱ्याचा उपयोग करून घ्यावा. तरंगते तण वाऱ्याबरोबर एका काठाला जमते. तेथे दोरखंड किंवा बांबूंची तरती वई घालून ते अडवावे आणि काठाकडून ओढून घ्यावे. एका हेक्टरावरील दाट जलपर्णीचे ओले वजन २०० टनांहून अधिक भरू शकते. त्यात दहा भागांतील नऊ भागांहून जास्त पाणीच असते. म्हणून ते लगेच गाड्यांत भरून नेण्याऐवजी काठापासून दूर, पावसाचे पाणी परत तळ्यात ओढून नेणार नाही अशा चढावर पसरून वाळू द्यावे. वाळल्यावर शेण मिसळून त्याचे चांगले खत होते. कारखान्यांचे पाणी येत असलेल्या तळ्यातील जलपर्णीचे खत मात्र भाजीपाल्यास घालू नये. ही वनस्पती पाण्यातील जड धातू आपल्या अंगात साठवते.

एकाच उपायाने सर्व तणे जात नाहीत

ज्या तळ्याचे पाणी वैशाखात आटते, तेथे ओळखीचे महत्त्व विशेष जाणवते. साल्व्हिनियाला बी नाही; तळ पूर्ण कोरडा पडून तडकला तर ती समूळ मरते. तेथे आटलेले तळे हेच औषध. जलपर्णीचे उलट आहे. झाडे वाळून जातात. परंतु ओल्या गाळावर ऊन पडले की तिचे वर्षानुवर्षे निजलेले बी उगवते. एकच उन्हाळा एकीचा अंत करतो आणि दुसरीची पेरणी. म्हणून जलपर्णी असलेल्या तळ्यात पाणी उतरू लागताच काठाच्या गाळावरील कोवळी रोपे उपटून टाकावीत आणि शक्य तर बीयुक्त गाळाचा वरचा थर काढून घ्यावा.

हायड्रिलासारख्या पाण्याखालच्या वनस्पतीला यंत्राने कापणे धोक्याचे असते. प्रत्येक तुकड्याचे नवे झाड होते आणि गाळातील कंद सुरक्षितच राहतात. तिच्यासाठी गवत्या मासा उपयोगी पडतो. चीनकडील नद्यांतला हा मासा १९५९ मध्ये भारतात आणला गेला आणि तो पाण्याखालचे मऊ गवत आवडीने खातो. जलपर्णीला मात्र तो तोंड लावत नाही. तेव्हा जलपर्णीच्या तळ्यात त्याची पिल्ले सोडून वाट पाहत बसणे व्यर्थ होय. शिवाय तो चांगल्या पाणवनस्पतीही खाऊन टाकतो, म्हणून त्यांची संख्या मत्स्यविभागाच्या सल्ल्याने ठरवावी. पाणकणीस कापावयाचे तर पाण्याच्या पातळीखाली कापावे. त्याच्या गड्ड्यांना हवा पुरविणारी नळीच त्यामुळे तुटते आणि खालचा भाग कुजतो. बेशरम मात्र कापूच नये. मुळासकट उपटावी आणि फांद्या कोरड्या जागी वाळवाव्या.

जलपर्णीसाठीही भुंगेरे आहेत. अर्जेंटिनाकडील दोन जातींचे हे भुंगेरे १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात आले आणि कर्नाटकातील काही तळ्यांत त्यांनी चांगले काम केले. पानावर त्यांनी कुरतडलेले बारीक चट्टे दिसतात. अळ्या देठ पोखरत खाली जातात. परंतु त्यांचे काम संथ असते. तीन-चार वर्षे धीर धरावा लागतो. तळे दर उन्हाळ्यात आटत असेल तर भुंगेऱ्यांचा वंश तुटतो. सांडपाण्यावर माजलेली जलपर्णी तर ते खातात त्याहून अधिक वेगाने वाढते. हे भुंगेरे संशोधनसंस्थेकडूनच घ्यावेत; परदेशी किडे चाचणीशिवाय कोणी सोडू लागला, तर एका अरिष्टाच्या जागी दुसरे उभे राहील.

तणनाशक औषधांविषयी सावधपणे बोलणे प्राप्त आहे. ती झटपट परिणाम दाखवतात आणि म्हणूनच मोह पाडतात. परंतु मेलेले तण कोठे जात नाही. ते तळाशी बसून कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. सबंध तळ्यावर एकदम फवारा मारला, तर तणाबरोबर मासळीही मरते. पिण्याच्या, गुरांच्या वा ओलिताच्या पाण्यात औषध घालण्याचा विचार गावाने स्वतःच्या जबाबदारीवर करू नये. अन्यत्रही ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि तळ्याच्या लहान लहान भागांतच वापरले पाहिजे.

अन्नछत्र बंद केल्यावाचून

इतके करूनही पुष्कळ तळी पुन्हा पुन्हा भरून येतात. याचे कारण तणात नसून तळ्याच्या तोंडाशी आहे. शौचालयांचे व मोऱ्यांचे पाणी, धुण्याचा साबण, गोठ्यांतील शेण आणि शेतांतून वाहून येणारी खते यांत नत्र आणि स्फुरद विपुल असते. शेतकरी पैसे मोजून जे पिकाला घालतो, तेच तळ्यातील तणाला फुकट मिळते. एकीकडून अन्नछत्र चालू ठेवावयाचे आणि दुसरीकडून पंगत उठवावयाची, असा हा प्रकार होतो. हिरवे तण हे पुष्कळदा रोग नसून रोगाचे लक्षण असते.

म्हणून तळ्याच्या मुखाशी मिळणारा प्रत्येक नाला कोठून येतो, हे पाहणे हा बंदोबस्ताचाच भाग आहे. सांडपाणी वळविता येत नसेल, तर निदान ते तळ्यात येण्यापूर्वी गाळाच्या खड्ड्यातून आणि लव्हाळ्याच्या पट्ट्यातून मुरत यावे अशी योजना करता येते. नाल्याच्या तोंडाशी बांबूची वई घातली, तर वरच्या तळ्यांतून वाहून येणारे तणही तेथेच अडते. जाळी, होडी किंवा मत्स्यबीज दुसऱ्या तळ्यातून आणताना ते धुऊन निरखून घ्यावे. साल्व्हिनियाचा नखाएवढा तुकडाही पुरे होतो. घरातील शोभेच्या हौदातील झाडे तर कधीही ओढ्यात वा तळ्यात टाकू नयेत. जगातील पुष्कळ तळी अशा एका निष्पाप वाटणाऱ्या कृतीने बुडाली आहेत.

तळे मोकळे झाल्यावर ते तसेच उघडे ठेवणेही शहाणपणाचे नव्हे. रिकामी जागा जो प्रथम येईल त्याची होते. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील जुन्या मालगुजारी तलावांत ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी जे केले, ते या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी तलावांतील बेशरम मुळासकट उपटली आणि पूर्वी तेथे असणाऱ्या स्थानिक पाणवनस्पती शोधून आणून पुन्हा लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो आणि कोणता पक्षी कोठे उतरतो, हे त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक होते. वनस्पती परतल्या तसे देशी मासे वाढले आणि पक्षीही आले. त्यांच्याजवळ यंत्रे नव्हती, औषधेही नव्हती. तळ्याशी असलेली ओळख होती.

इंदूरपासून हैदराबादपर्यंत आणि बडोद्यापासून बेळगावपर्यंत, जेथे जेथे गावाने किंवा शहराने आपल्या पाण्याकडे पाठ फिरवली, तेथे तेथे तणाने ती जागा घेतली आहे. तळे बांधणाऱ्यांनी घाट बांधले ते लोकांनी रोज पाण्याजवळ यावे म्हणून. रोज पाहणाऱ्या डोळ्याला पहिला परका पुंजका पहिल्या आठवड्यातच दिसतो आणि तो उपटावयास एक हात पुरतो. वर्षभराने त्याच कामासाठी शंभर हात, यंत्रे आणि नगरपालिकेचा ठराव लागतो, आणि तोवर काठावरच्या मच्छीमाराचा एक हंगाम गेलेला असतो.